शब्द तेच, संसार वेगळा

(परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचे पालक आणि नव्याने परदेशी निघालेली तरुण दांपत्ये यांच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सभागृहात आज असे घर क्वचितच असेल की, ज्या घरातील मुलगा, सून, लेक, जावई किंवा भाचा परदेशात नाही. एके काळी आपल्याकडे 'परदेश' याचा अर्थ अमेरिका असा होता. आता तसे राहिलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या २०२१च्या जनगणनेनुसार त्या देशात भारतात जन्मलेल्यांची संख्या सुमारे ६ लाख ७३ हजार इतकी होती. परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये इंग्लंडच्या पाठोपाठ आपला दुसरा क्रमांक लागला आणि चीन मागे पडला. मी काही वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी येथे संसार केला आणि त्यानंतर आमचे कुटुंब मेलबर्नला गेले. इंग्रजी बोलणाऱ्या एका देशातून इंग्रजी बोलणाऱ्या दुसऱ्या देशात जाताना काय काय नवे शिकावे लागते, ते आपल्यापुढे मांडावे, असे संयोजकांनी मला सुचवले. विषय वरवर पाहता गमतीचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट आहे आणि तीच मला आज सांगावयाची आहे.

जपानला किंवा जर्मनीला निघालेला आपला तरुण काय करतो? आधी सहा महिने तेथील भाषेचा वर्ग लावतो. शब्दकोश घेतो. तेथे पोहोचल्यावर प्रत्येक पाटी दोनदा वाचतो, प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकतो. आपल्याला काही येत नाही, याची जाणीव त्याला सावध ठेवते. याउलट मेलबर्नला, लंडनला किंवा टोरांटोला निघालेला तरुण म्हणतो, "त्यात काय शिकायचे? इंग्रजी तर येतेच!" आणि नेमके येथेच कान बंद होतात. अनोळखी भाषा माणसाला नम्र करते. ओळखीची भाषा त्याला बेसावध करते. शब्द तेच असतात, पण त्या शब्दांनी मांडलेला संसार वेगळा असतो.

एक शब्द, तीन देश

अगदी साध्या वस्तूंपासून सुरुवात करू. आपली मुले शाळेत ज्याला 'रबर' म्हणतात, ते खोडरबर ऑस्ट्रेलियातही 'रबर'च आहे. अमेरिकेत मात्र वर्गात कोणी हा शब्द उच्चारला, तर सारा वर्ग हसतो. त्याचा तेथील अर्थ या व्यासपीठावरून सांगण्यासारखा नाही. 'थाँग्ज' हा शब्द घ्या. ऑस्ट्रेलियात तो रबरी चपलांसाठी वापरतात आणि "बाहेर थाँग्ज काढून या" असे कोणी म्हटले, तर त्यात वावगे काही नसते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ तोकडे अंतर्वस्त्र असा आहे. उपाहारगृहातील 'ऑन्ट्रे' म्हणजे अमेरिकेत मुख्य जेवण, तर ऑस्ट्रेलियात जेवणाआधीचा छोटा पदार्थ. अमेरिकेहून आलेले कुटुंब चार 'ऑन्ट्रे' मागवते आणि समोर चार लहान बश्या येतात.

आपल्याकडील विवाहविषयक जाहिरातींत 'होमली' वधू हवी, असे हमखास लिहिलेले असते. त्यातून आपल्याला गृहकृत्यदक्ष, घर सांभाळणारी मुलगी अभिप्रेत असते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ 'दिसायला यथातथाच' असा होतो! जाहिरात देणाऱ्या आईवडिलांच्या मनात जे असते, त्याच्या नेमके उलट तेथील वाचणाऱ्याच्या मनात उमटते.

'बंगला' हा तर आपल्याच देशातून इंग्रजीत गेलेला शब्द. आपल्याकडे बंगला म्हणजे प्रतिष्ठा. परंतु मेलबर्नमध्ये घराच्या मागील अंगणात बांधलेल्या स्वतंत्र खोलीलाही 'बंगलो' म्हणतात. तेव्हा 'बंगलो भाड्याने देणे आहे' या जाहिरातीवरून गावाकडे पेढे वाटण्याची घाई करू नये.

आणखी एक शब्द मुद्दाम सांगते, कारण त्याचे आपल्याशी जुने नाते आहे. ऑस्ट्रेलियातील मोठ्या दुकानांत चादरी, अभ्रे, पंचे आणि टॉवेल यांच्या विभागावर 'मँचेस्टर' अशी पाटी असते. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या गिरण्यांतून सुती कापडाचे गठ्ठे त्या देशात उतरत, म्हणून त्या मालालाच शहराचे नाव पडले. तसे गठ्ठे आपल्याकडेही उतरत होते. आपल्या देशाने मात्र त्या कापडावर बहिष्कार घातला. १९०५ साली पुण्यात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी झाली, हे आपण जाणता. पुढे आपण इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणू लागलो. एका देशात 'मँचेस्टर' म्हणजे चादरींचा विभाग. दुसऱ्या देशात पारतंत्र्याची आठवण आणि उद्योगाच्या अभिमानाची उपमा. शब्दाच्या पाठीशी त्या त्या समाजाचा इतिहास उभा असतो. केवळ शब्दकोश उघडून तो दिसत नाही.

शाळेच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' अशी पाटी बहुधा खासगी शाळेवर असते. इंग्लंडमध्येही जुन्या, महागड्या खासगी शाळांनाच हे नाव आहे. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मात्र 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा. मेलबर्नमधील सरकारी माध्यमिक शाळांच्या नावात 'सेकंडरी कॉलेज' असे शब्द असतात आणि तेथे इयत्ता सातवीपासून मुले जातात. आमच्या परिचयाचे एक आजोबा येथे सर्वांना सांगत असत की, नातू बाराव्या वर्षीच कॉलेजात गेला! आजोबांचे कौतुक खोटे नव्हते. फक्त शब्द दुसऱ्या देशातील होता.

जे बोलले जाते आणि जे सांगायचे असते

वस्तूंची नावे दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. त्याहून अवघड असते ती बोलण्याची रीत.

ऑस्ट्रेलियातील निमंत्रणात 'ब्रिंग अ प्लेट' असे लिहिलेले असते. नवागत दांपत्य रिकाम्या ताटल्या घेऊन पोहोचते. निमंत्रणाचा अर्थ असा असतो की, सर्वांनी वाटून खाण्यासाठी एखादा पदार्थ करून आणा. आपल्या अंगतपंगतीसारखीच ही रीत आहे. 'टी'चे निमंत्रण असेल, तर ते चहाचेच असेल असे नाही. अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणालाही 'टी' म्हणतात. घरी खाऊन गेलेल्या पाहुण्याला तेथे पुन्हा पूर्ण जेवावे लागते आणि उपाशी राहण्यापेक्षा ते बरे, असे म्हणून तो जेवतोही. 'हाऊ आर यू गोइंग?' असे सहकारी विचारतो. तो आपण कोणत्या वाहनाने जाणार, असे विचारत नसतो. 'कसे काय, ठीक ना?' एवढेच त्याचे म्हणणे असते. 'बसने' हे उत्तर तेथे अनेक भारतीयांच्या तोंडून ऐकलेले आहे. 'आय अ‍ॅम क्रूक' असे तो म्हणाला, तर त्याने चोरीची कबुली दिलेली नसते. त्याची प्रकृती बरी नसते.

आपण भारतातून नेलेल्या इंग्रजीचेही असेच होते. वर्गात किंवा बैठकीत आपला तरुण 'आय हॅव अ डाउट' असे म्हणतो. त्याच्या मनात मराठीतील 'शंका' असते; जिज्ञासेपोटी तो प्रश्न विचारू इच्छितो. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की, याचा आपल्यावर विश्वास नाही. अमुक साली 'पास आउट' झालो, असे तो मुलाखतीत सांगतो आणि समोरच्याला वाटते की, हा बिचारा बेशुद्ध पडला होता.

हे हसण्यावारी नेता येते, परंतु प्रत्येक वेळी नाही. इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन माणूस गोष्ट कमी करून सांगतो; अमेरिकन माणूस ती ठळक करून सांगतो. अमेरिकेत काम चांगले झाले की 'अप्रतिम', 'विलक्षण' अशा शब्दांचा वर्षाव होतो. ऑस्ट्रेलियात त्याच कामाला 'नॉट बॅड' म्हणतात आणि ती मनापासून केलेली प्रशंसा असते. "हे एकदा पाहून घेतलेत तर कदाचित बरे होईल", असे तेथील अधिकारी सौम्यपणे म्हणतो, तेव्हा ती सूचना नसून आज्ञा असते. एक हुशार मराठी तरुण मला ठाऊक आहे. अशी तीन सौम्य वाक्ये त्याने ऐच्छिक समजून सोडून दिली. परिवीक्षेचा काळ संपताना त्याला कायम केले गेले नाही. "मला कोणी सांगितलेच नाही", असे तो म्हणत राहिला. सांगितले होते, पण त्या देशाच्या पद्धतीने.

मोठमोठ्या राष्ट्रांनाही याची झळ बसली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची एका प्रस्तावावरून बराच वेळ खडाजंगी झाली. तो प्रस्ताव 'टेबल' करावा की करू नये, हा वाद होता. इंग्रजांच्या भाषेत याचा अर्थ 'तत्काळ चर्चेला घेणे' आणि अमेरिकनांच्या भाषेत 'बाजूला ठेवणे' असा होतो. दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती, हे पुष्कळ उशिरा उमगले. स्वतः चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक ग्रंथात हा प्रसंग नमूद केला आहे. एप्रिल १९५१मध्ये कोरियातील इमजिन नदीच्या लढाईत एक ब्रिटिश तुकडी चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. ब्रिटिश ब्रिगेडियरने वरिष्ठ अमेरिकन सेनापतीला आपल्या पद्धतीने परिस्थिती 'जराशी बिकट' असल्याचे कळवले आणि अमेरिकन सेनापतीचा समज झाला की, तुकडी तग धरून आहे, असे सांगितले जाते. त्या वेढ्यातून थोडेच सुटले. शेकडो सैनिक कैद झाले. भाषा एकच होती आणि सैन्येही मित्रांची होती, हे विसरू नये.

आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. आपली मराठी काय करते? घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो. पुण्यातील सासूबाईंनी सुनेच्या पुरणपोळीला "बरी झाली आहे" म्हटले, तर सुनेने ते प्रशस्तिपत्रक समजावे! नागपूरच्या घरी 'सांभार' आणावयास सांगितले, तर कोथिंबिरीची जुडी आणायची असते. पुण्यात तोच शब्द इडलीच्या वाटीकडे नेतो. पश्चिम महाराष्ट्रातील सून विदर्भात नांदावयास जाते, तेव्हा 'मला मराठी येते' एवढ्या भांडवलावर तिचे भागत नाही. ती ऐकते, विचारते, हळूहळू त्या घराची होते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनीही तेथील समाजात नेमके हेच करावयाचे असते.

हिशेब आणि पंचांग

आता व्यवहाराकडे वळू. ऑस्ट्रेलियात घरभाडे आठवड्याच्या हिशेबाने सांगतात. ६०० डॉलर भाडे ऐकून नवागत चाराने गुणतो आणि महिन्याला २४०० डॉलर धरतो. परंतु वर्षाचे आठवडे ४८ नसून ५२ असतात. ५२ आठवड्यांचे ३१,२०० डॉलर, म्हणजे महिन्याला २६०० डॉलर होतात. महिन्याकाठी २०० डॉलरची ही तूट नव्या संसाराला जड जाते. पगार बहुधा पंधरा दिवसांनी होतो. त्यासाठीचा 'फॉर्टनाइट' हा शब्द अमेरिकन माणसाच्या फारसा वापरात नाही, पण आपल्याला तो परका नाही. शुक्ल आणि कृष्ण पक्षांचा पंधरवडा आपण पिढ्यान्पिढ्या मोजत आलो आहोत.

तारखेचेही तसेच. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखाच दिवस आधी. ४/७ ही तारीख एका देशात ७ एप्रिल, तर दुसऱ्या देशात ४ जुलै. विमानाचे तिकीट, शाळेचा प्रवेश आणि औषधाची मुदत या तिन्ही ठिकाणी तीन महिन्यांचा फरक महागात पडतो. म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहावा.

सर्वांत मोठा धक्का मात्र आकाश देते. दक्षिण गोलार्धात 'समर' म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. अमेरिकेतील भाऊ "उन्हाळ्यात भेटू" म्हणतो, तेव्हा ऑस्ट्रेलियातील बहीण थंडीचे कपडे काढत असते. दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणून तेथे घर घेताना उत्तरेची खिडकी मागतात. पौर्णिमेच्या चंद्रावरील ससा उलटा दिसतो. गुढीपाडवा पानगळीत येतो आणि दिवाळी वसंतात. संक्रांतीला आपण थंडीसाठी तिळगूळ वाटतो, तेव्हा तेथे कडक ऊन असते आणि सूर्याचे उत्तरायण म्हणजे त्याचे त्यांच्यापासून दूर जाणे. मुले विचारतात, "आजी, उन्हाळ्यात तीळ का खायचे?" या प्रश्नाने चिडू नये. हा प्रश्न विचारणारे मूल आपला सण डोळे उघडे ठेवून साजरा करीत आहे. तिळाची उष्णता, त्या ऋतूतील आपल्या शेतात येणारे पीक, गोड बोलण्याचा संकल्प, हे त्याला उलगडून सांगावे. कारण समजले तर सण टिकतो. केवळ तारीख पाळली तर पुढच्या पिढीत तोही जातो.

जेथे गैरसमज परवडत नाही

ज्येष्ठांनी पुढील भाग कृपया लक्षपूर्वक ऐकावा. मुलाच्या घरी सहा महिने राहावयास जाताना आपण लोणची-पापडांची यादी करतो. ही यादीही करावी.

पहिली गोष्ट संकटकालीन दूरध्वनीची. आपल्याकडे ११२, अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९, न्यूझीलंडमध्ये १११ आणि ऑस्ट्रेलियात ०००. चित्रपटांतून डोक्यात बसलेला ९११ हा आकडा ऑस्ट्रेलियाचा नव्हे. आजोबा भोवळ येऊन पडले असताना आजीला हा आकडा आठवता आला पाहिजे. म्हणून तो मोठ्या अक्षरांत स्वयंपाकघरात लावून ठेवावा. ऑस्ट्रेलियात मोबाइलवरून ११२ फिरवला तरी मदत मिळते, हे आपल्याला सोयीचे आहे.

दुसरी गोष्ट 'सर्जरी' या शब्दाची. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या साध्या दवाखान्यालाही 'सर्जरी' म्हणतात. "मुलाला सर्जरीत नेले आहे", असा निरोप ऐकून येथील आई देव पाण्यात ठेवते आणि तेथे मुलगा सर्दीचे औषध घेऊन घरी परतलेला असतो.

तिसरी गोष्ट औषधांची आणि ती अतिशय महत्त्वाची आहे. आपण ताप आला की क्रोसिन घेतो. तिच्यातील औषध पॅरासिटामॉल. ऑस्ट्रेलियातही त्याचे नाव पॅरासिटामॉलच आहे आणि पॅनाडॉल म्हणून ते मिळते. अमेरिकेत मात्र त्याच औषधाला अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणतात आणि ते टायलेनॉल या नावाने विकले जाते. नाव वेगळे म्हणून औषध वेगळे समजून कोणी दोन्ही गोळ्या घेत राहिले, तर मात्रा दुप्पट होते. प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉलची दिवसभराची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे आणि त्यापलीकडे यकृताला इजा होण्याचा धोका असतो. दम्याच्या फवाऱ्यातील जे औषध आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियात सालब्युटामॉल आहे, ते अमेरिकेत अल्ब्युटेरॉल आहे. म्हणून औषधाचे नुसते व्यापारी नाव सांगू नका. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून औषधांची शास्त्रीय नावे लिहून घ्या.

चौथी गोष्ट मधुमेहाची. भारतात आणि अमेरिकेत रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये मिलिमोलमध्ये. आपली १२६ तेथे ७ होते आणि आपली १८० तेथे १० होते. तेथील यंत्रावर १० हा आकडा पाहून साखर भलतीच उतरली, असे समजून कोणी साखर खाल्ली, तर उलटाच परिणाम होईल. आकडा १८ने गुणला की आपल्या सवयीचा आकडा मिळतो, एवढे लक्षात ठेवावे.

आणि पाचवी गोष्ट, मागण्याचा संकोच बाळगू नये. ऑस्ट्रेलियात १९७३पासून दूरध्वनीवरून दुभाषी मिळण्याची सरकारी व्यवस्था आहे. तिचा क्रमांक १३१ ४५० असा आहे आणि ती अहोरात्र चालते. छातीत कसे दुखते, हे आजीला तिच्या भाषेतच नीट सांगता येते. 'कळ येते', 'ठणकते', 'जड वाटते', 'चमक निघते' या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे आणि डॉक्टरांना तो फरक कळणे अगत्याचे असते. आपल्याला इंग्रजी येते या अभिमानापोटी ही मदत नाकारणे शहाणपणाचे नाही.

'यू' आणि 'तुम्ही'

आता थोडे नात्यांविषयी. ऑस्ट्रेलियात वरिष्ठाला पहिल्या नावाने हाक मारतात. एकटा प्रवासी टॅक्सीत चालकाच्या शेजारी बसतो, अशी तेथील जुनी रीत आहे. मागे बसणे म्हणजे त्याला नोकर समजणे, असे पूर्वीचे लोक मानत. आपल्या तरुणाला 'सर' म्हटल्याशिवाय राहवत नाही आणि तेथील वरिष्ठाला तो शब्द अवघडल्यासारखा वाटतो. यात कोणाचे संस्कार चुकीचे आहेत, असे मानू नये. ते समानतेतून आदर व्यक्त करतात. आपण आदरार्थी बहुवचनातून. ज्याच्या घरी जावे, त्याची रीत पाळावी. संजाणला आलेल्या पारशी बांधवांची दुधातील साखरेची कथा आपण अभिमानाने सांगतो. आता दुधात पडण्याची पाळी आपली आहे. विरघळावे, पण गोडी सोडू नये.

गोडी सोडू नये, असे म्हणते याचे कारण आहे. इंग्रजीत 'यू' एकच आहे. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ही आदराची उतरंड आहे. इंग्रजीत 'अंकल' एकच. आपल्याकडे काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान यांना वेगवेगळी स्थाने. घरी मराठी बोलले गेले नाही, तर हे शब्द जातात. शब्द गेले की नात्यांची ओळख पुसट होते. नातू आजोबांना "तू बस" म्हणतो. त्याच्या मनात अनादर मुळीच नसतो, कारण त्याने 'यू'चे भाषांतर केलेले असते. आजोबा दुखावतात आणि दुखावल्याचे बोलत नाहीत. नातवाला आपले काय चुकले, ते कळत नाही. दोघांच्या प्रेमात अंतर पडते ते एका सर्वनामामुळे. आजोबांनी गप्प न बसता हसत हसत "तुम्ही बसा, असे म्हणावे बाळा", इतके सांगितले, तर मूल ते सहज उचलते. भाषा मुलांपर्यंत टोमण्यांतून पोहोचत नाही. गोष्टीतून, हाकेतून आणि खेळातून पोहोचते.

मराठीचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्या तरुण पालकांसाठी एक माहिती देते. ऑस्ट्रेलियात दुभाष्यांना मान्यता देणारी 'नाटी' ही राष्ट्रीय संस्था आहे. तिच्यातर्फे स्थलांतरितांसाठी घेतल्या जाणाऱ्या भाषा-परीक्षेत मराठीचा समावेश आहे. दोन संवाद ऐकून इंग्रजीचे मराठीत आणि मराठीचे इंग्रजीत रूपांतर करावयाचे असते. ९०पैकी किमान ६३ गुण मिळवून ती उत्तीर्ण झाल्यास स्थायी निवासाच्या गुणपद्धतीत पाच गुणांची भर पडत आली आहे. आजवर इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुले या परीक्षेसाठी मराठीची शिकवणी शोधतात. 'अनामत', 'तारण', 'संमतिपत्र', 'रक्तदाब' हे शब्द त्यांना आठवत नाहीत. घरात बोलली गेलेली भाषा त्या वेळी उपयोगी पडते. गुणांसाठी का होईना, पण आपल्या आईच्या भाषेला किंमत आहे, हे एका परक्या देशाने दाखवून द्यावे, याचा विचार आपणही करावा.

आपल्या परंपरेत दक्षिणेच्या आकाशातील एका तारकासमूहाला त्रिशंकू म्हणतात. विश्वामित्रांनी ज्याला सदेह स्वर्गात पाठवले आणि जो मध्येच लोंबकळत राहिला, तो हा राजा. परदेशी गेलेल्यांना आपण 'त्रिशंकू झाले' असे सहज म्हणतो. ऑस्ट्रेलियात हाच तारकासमूह रात्रभर डोक्यावरून फिरतो, त्यांच्या राष्ट्रध्वजावरही तो आहे आणि दक्षिण दिशा शोधावयाची झाल्यास तेथील माणूस त्याचाच आधार घेतो. तेव्हा आपल्या मुलांना त्रिशंकू म्हणून कीव करू नका. दोन देशांच्या मध्ये उभा असलेला माणूस दोन्हीकडच्यांना दिशा दाखवू शकतो. त्यासाठी त्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. बाहेर परक्याचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानांनी ऐकावे आणि घरात आपले बोलणे मालकाच्या अधिकाराने बोलावे. यांपैकी पहिली गोष्ट जाणाऱ्याने करावयाची आहे. दुसरी बव्हंशी येथे बसलेल्या आपल्या हाती आहे. आज रात्री नातवंडांशी दूरध्वनीवर बोलाल, तेव्हा त्यांनी इंग्रजीत उत्तर दिले, तरी आपण मराठीतच बोला आणि हाक नात्याने मारा. ती एक हाक त्या घरात पुष्कळ काही टिकवून ठेवील.